पाखरं राखली तो हिवाळा

गेल्या आठवड्यात आदिलाबादच्या भाजीबाजारात एका बाईच्या टोपलीत मेथीच्या जुड्यांवर ज्वारीची चार हिरवी कणसं आडवी ठेवलेली दिसली. विकायची नव्हती, घरी न्यायची म्हणून तिनं बाजूला काढली होती. मी मेथी घ्यायला वाकले आणि वाकलेलीच राहिले. कोवळ्या दाण्याचा तो दुधाळ वास नाकात शिरला. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता एक कणीस हातात दिलं. मी तिथंच, बाजाराच्या गर्दीत उभ्या उभ्या ते तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे तोंडात टाकले.

ज्वारी हुरड्यात आली म्हणजे पाखरं उतरली. आणि पाखरं उतरली म्हणजे मला आता घरात बसवत नाही. मेथीचे पैसे देऊन मी अर्धी मेथी तिथंच विसरून आले, पण या विसरण्याची मला भीती वाटली नाही. हे असं हरखून विसरणं आहे. दुसरं विसरणं कसं असतं ते मला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी एकोणसाठ वर्षांची होते आणि पंचाहत्तरची दिसत होते. हे तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण बसमध्ये माझ्याहून थोराड बाया उठून मला जागा देत. आमचं बांगड्यांचं दुकान होतं. मी आणि हे, दोघं मिळून चालवायचो. त्याच्या दोन वर्षं आधी हे गेले आणि दुकान बंद झालं. एकुलती एक मुलगी शीतल, तिला नार्नूरजवळच्या गावात दिलेली. दोन खोल्यांत मी एकटी उरले.

त्यानंतर मी स्वयंपाक सोडला. ठरवून सोडला असं नाही. सुरुवातीला वाटायचं, एकटीसाठी काय पोळपाट काढायचा. मग पोळपाट फडताळाच्या मागे गेला. सकाळी चहा आणि टोस्ट. दहाला चहा आणि खारी. दुपारी मूठभर भात, त्यावर लोणच्याचं तेल. चारला चहा आणि बिस्किटं. संध्याकाळी टीव्हीसमोर पुन्हा चहा आणि जे हाताला लागेल ते. पोट भरत होतं, तक्रार नव्हती. खाणं आणि जेवण यांत फरक असतो हे तेव्हा माझ्या ध्यानातच येत नव्हतं. दुकानात असताना दिवसातून शंभरदा उठबस व्हायची. वरच्या फळीवरचे डबे काढ, गिऱ्हाइकाचा हात धरून बांगडी चढव, हसून दोन गोष्टी बोल. आता दिवसभरात मी पलंगापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून पलंगापर्यंत जात असे. सामान गल्लीच्या दुकानातून घरपोच यायचं. कधी कधी दोन दोन दिवस मी एकही शब्द मोठ्यानं बोललेली नसे.

मग शब्द हरवायला लागले. शीतलशी फोनवर बोलताना एकदा मला किसणी हा शब्द आठवेना. “ते गं, ज्याच्यावर खोबरं घासतात ते,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. गॅस चालू राहू लागला. उठताना भोवळ यायची, भिंतीला हात लावून उभं राहावं लागायचं. एका संध्याकाळी मी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी होते आणि घर डावीकडे की उजवीकडे, ते कळेना. अगदी थोडाच वेळ, एखादं मिनिट असेल. पण त्या मिनिटात मला माझं उरलेलं सगळं आयुष्य दिसलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

दवाखान्यात मात्र सांगितलं. डॉक्टर तरुण होती, तेलुगू घरची, हिंदीत बोलायची. रक्त कमी होतं, बीपी वाढलेलं, साखर अगदी उंबरठ्यावर. ते सगळं ऐकून घेतल्यावर मी तिला विचारलं की माझं डोकं जातंय का. तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “अम्मा, कल दिनभर में क्या-क्या खाया?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि सांगण्यासारखं काही सापडेना. तिला वाटलं मला आठवत नाही. मला आठवत होतं, म्हणूनच लाज वाटली. मी तिच्यासमोर रडले. तिनं रक्तवाढीच्या आणि बीपीच्या गोळ्या लिहून दिल्या. नीट जेवायचं, रोज चालायचं आणि एकटीनं राहायचं नाही, हे तिनं गोळ्यांच्याच ओळीत लिहिलं. विसरण्याचं काय ते तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर स्वतःच त्याला रोगाचं नाव देऊन बसू नका, असंही सांगितलं. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. गोळ्या घेतल्या. बाकीच्या तीन गोष्टी कुठून आणायच्या ते कळेना.

त्याच दिवसांत शीतलचं पहिलं बाळंतपण आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मी दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणला होता. पण सातव्या महिन्यात शीतल आली, दोन दिवस राहिली, मला उठता-बसता पाहत राहिली आणि जाताना म्हणाली, “आई, मी तिकडंच राहीन म्हणते. तुझ्याच्यानं होणार नाही गं. उलट तूच ये तिकडं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. म्हणूनच ते जास्त लागलं.

डिसेंबरात मुलगी झाली. उटनूरच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा शीतल खाटेवर होती आणि तिच्या कुशीत ते लालबुंद गाठोडं. मी हात पुढे केले. शीतल म्हणाली, “आई, तू आधी बस. भिंतीला टेकून नीट बस.” मी बसले. मी बसेपर्यंत तिनं बाळ तिच्या सासूच्या हातात दिलं होतं. माझे हात तसेच मांडीवर उताणे राहिले. त्यांचं काय करावं ते न सुचून मी पदराचं टोक आवळून धरलं.

शीतलच्या सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, यमुनाबाई. तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. अंगानं काटक, रंगानं सावळ्या, चालताना टाचा जोरात टेकवणाऱ्या. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. पण दवाखान्यातल्या नर्सनं मला त्यांची थोरली बहीण समजलं. यमुनाबाई हसल्या नाहीत. बाळ माझ्या मांडीवर ठेवून, आपला हात खालून तसाच लावून ठेवत म्हणाल्या, “घ्या इहीनबाई, तुमचीच हाय.” तो खालचा हात त्यांनी काढला नाही. तो तिथं आहे हे मला कळत होतं आणि तो असावा असंही वाटत होतं.

गावी गेल्यावर चार-पाच दिवस मी ओसरीवर बसून काढले. बाळंतिणीचं, बाळाचं सगळं यमुनाबाई आणि शेजारची एक बाई उरकत. मला कोणी काही काम सांगत नव्हतं. लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून राहणं आधीच अवघड, त्यात निरुपयोगी पाहुणी. थंडी अशी की सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायची. पाणी तापवायच्या चुलीचा धूर, सागाच्या वाळल्या पानांवरून चालणाऱ्या गुरांचा आवाज, आणि मी शाल पांघरून, एका खांबाला टेकून.

सहाव्या दिवशी यमुनाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची ज्वारी हुरड्यात आली होती आणि भोरड्यांचे थवे उतरायला लागले होते. राखणीला ठरवलेला माणूस आला नव्हता. व्याही दुसऱ्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांसोबत होते, जावई मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावी नोकरीवर. बाळाला आता शेजारीण बघेल, आपण दिवसभर शेतात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आपण म्हणजे त्या आणि मी.

“मी काय करू तिथं?” मी विचारलं.

“इथं तरी काय करून राह्यल्या?” त्या म्हणाल्या. “इथं बसता ते तिथं बसा. उन्हात तरी बसान.”

शेत दीड किलोमीटरवर. त्यांच्या पायानं वीस मिनिटं. मला तासावर लागला. तीन ठिकाणी बसले. त्या प्रत्येक वेळी थांबल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. कधी बोरं वेचायच्या, कधी बांधावरचं गवत उपटायच्या. जणू त्यांनाच थांबायचं होतं.

आणि मग ते शेत. माझ्या डोक्याच्या वर हातभर गेलेली ज्वारी, दूर सागाच्या टेकड्यांपर्यंत हिरवीगार, आणि मधोमध चार खांबांवर बांधलेला लाकडी माळा. त्यावर उभं राहून पाखरं हाकायची. शिडीला सात पायऱ्या होत्या. मी तिसऱ्या पायरीवर गेले आणि तिथूनच खाली उतरले. यमुनाबाईंनी वर जायचा आग्रह केला नाही. त्या दिवशी त्याही वर चढल्या नाहीत. माझ्यासोबत खाली बसून पत्र्याचा डबा बडवत राहिल्या. पाखरांनी एका कडेची कणसं साफ केली. ती कणसं माझ्यासाठी गेली, हे मला नंतर कळलं.

दुपारी त्यांनी फडकं सोडलं. ज्वारीच्या दोन जाड भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा आणि गाडग्यात ताक. मी चतकोर खाल्ली. त्यांनी अजून चतकोर माझ्या हातावर ठेवली आणि स्वतःचं जेवण माझं होईपर्यंत लांबवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर बसून, माझ्या घासाकडे लक्ष ठेवून जेवत होतं.

गोष्ट इथून सरळ वर गेली असं मात्र नाही. पहिल्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. चारदा चहा पिणाऱ्या बाईला दोनदाच चहा मिळू लागला तर डोकं दुखणारच, तेही दुखलं. पायांत गोळे आले. एक दिवस मी शेजारणीकडून गुपचूप बिस्किटाचे दोन पुडे मागवले आणि पिशवीत लपवले. माळ्याखाली बसून खाताना यमुनाबाईंनी पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. त्या जवळ बसल्या, एक बिस्किट मागून घेतलं, चावलं आणि म्हणाल्या, “गोड हाय. भाकर झाल्यावर खात जा. भाकरीच्या जागी नोका खाऊ.” एवढंच. दुसरा पुडा मी कधी संपवला ते आठवत नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी मी माळ्यावर चढले. आदल्या दिवशी पाच पायऱ्या झाल्या होत्या. त्या सकाळी चालताना मी एकदाच बसले होते. चढले ती कोणाला न सांगता. यमुनाबाई पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होत्या. वर पोचल्यावर मी दोन्ही हातांनी खांब धरला आणि डोळे उघडले.

काय दिसलं म्हणून सांगू. ज्वारीचं आख्खं शेत माझ्या पायाखाली हलत होतं. वाऱ्याची एक लाट टेकडीकडून निघायची आणि कणसांवरून सळसळत थेट माझ्यापर्यंत यायची. दव वाळत होतं, त्याचा वास. शेजारच्या तुरीत पिवळी फुलं. आणि मग आभाळातून काळ्या-गुलाबी भोरड्यांचा थवा आला, एकदम शे-दोनशे. वळला, तिरका झाला आणि शेतावर उतरू लागला.

मी ओरडले. आधी नुसती हवा निघाली. घशाला सवयच नव्हती. मग पुन्हा ओरडले, पोटातून, “होऽऽ हाऽऽ होऽऽ!” माझाच आवाज टेकडीवर जाऊन परत आला. थवा उठला. माझ्या ओरडण्यानं शे-दोनशे पाखरं उठली. मी अजून ओरडले, गरज नसताना ओरडले. ओरडता ओरडता रडू फुटलं आणि रडतानाही मी हाकतच होते. ह्यांच्या मागे मी रडले नव्हते असं नाही, पण ते सगळं उशीत तोंड खुपसून. असं उघड्या आभाळाखाली, मोकळ्या छातीनं पहिल्यांदाच. यमुनाबाई धावत आल्या. खालून वर पाहिलं. मी रडतेय हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी गोफण वर फेकली.

गोफण मला येत नव्हती. पहिला गोटा मागे गेला, दुसरा माझ्याच पायावर पडला. यमुनाबाई धुऱ्यावर बसून पोट धरून हसल्या. पंधरवड्यात मात्र मी त्या गोफणीनं पलीकडच्या बाभळीपर्यंत गोटा पोचवू लागले. बांगड्या भरणाऱ्या हाताला नेम असतो, तो कुठं गेला नव्हता.

मग भूक परत आली. भूक कशी येते ते मी विसरले होते. सकाळी नवाला पोटात काहीतरी खणायला लागलं, मला वाटलं दुखतंय. यमुनाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की ही भूक आहे. आम्ही शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, चोळली आणि गरम हुरडा तिळाच्या चटणीबरोबर खाल्ला. झोप आली. संध्याकाळी साडेआठला डोळे मिटायचे ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. चेहऱ्याला रंग आला, टाचांना भेगा आल्या. आणि एके दिवशी माळ्यावर बसल्या बसल्या मला आमच्या दुकानातल्या पहिल्या फळीवरच्या बांगड्यांचे सगळे प्रकार एकामागून एक आठवले, क्रमानं, कुठं न अडता. ते आठवल्यावर माझे हेही आठवले. दवाखान्यातले नाही. सणाच्या गर्दीत बांगडी फुटली की गिऱ्हाइकापेक्षा जास्त ओशाळणारे, लांब नाकाचे, मिशीत हसणारे. दोन वर्षांत त्यांचं फक्त शेवटचं दुखणं माझ्याजवळ राहिलं होतं. त्या दिवशी ते मला धडधाकट परत दिसले. भाकरीचा, उन्हाचा आणि आठवणींचा संबंध कसा असतो ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरला येईल. मी फक्त झालेलं सांगते.

यमुनाबाईंबद्दल मी असं लिहितेय की वाटावं, त्यांना सगळं ठाऊक होतं. तसं नव्हतं. त्यांना तंबाखूची सवय होती. चुना लावून चिमूट गालात ठेवायच्या, दिवसातून सात-आठदा. आम्ही रोज समोरासमोर जेवत असल्यामुळे माझ्या लक्षात आलं की त्यांनी ठेचा खायचा सोडलाय. चटणीही बाजूला सारायच्या, भाकर ताकात कुस्करून गिळायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, वय झालं, तिखट सोसत नाही. मला ते वयाचं कारण पटलं नाही. मीही दोन वर्षं सगळं वयावरच ढकललं होतं. मी त्यांना उन्हात बसवून तोंड उघडायला लावलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

दवाखान्याचं नाव काढताच त्या म्हणाल्या की पीक निघाल्यावर बघू. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या चुलत जावेला असंच काहीतरी झालं होतं आणि ती वाचली नव्हती, हे शीतलनं मला सांगितलं. मग मला कळलं की आडवं पीक येत नाहीये, भीती येतेय. चौथ्या दिवशी मी भाकरीला हात लावला नाही.

“खाऊन घ्या,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही उद्या आदिलाबादला जा. पाखरं मी राखते.”

“एकल्या?”

“एकटी.”

त्यांनी हातातली भाकर फडक्यावर ठेवली. मग म्हणाल्या, “मले भेव वाटते इहीनबाई.” इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून भीतीचा शब्द ऐकला नव्हता. मी त्यांचा हात धरला. तो खडबडीत होता आणि गार पडला होता. मीही माझी गल्लीच्या तोंडाची गोष्ट त्यांना सांगितली. डॉक्टर सोडून कोणालाच न सांगितलेली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या सकाळी जावयानं सुट्टी घेतली आणि दोघं पहिल्या बसनं गेली.

ती बस गेली आणि शेजारणीचा निरोप आला की तिला ताप भरलाय. बाळाची आंघोळ राहिली होती. शीतल स्वतःच उठू लागली. तिचे टाके अजून दुखत होते. मी तिला बस म्हटलं. न्हाणीत पाट मांडला, पाय लांब करून त्यावर बसले. दीड महिन्यापूर्वी मला असं बसता आलं नसतं आणि बसले असते तर उठवायला दोन माणसं लागली असती. शीतल दारात उभी होती. तिनं बाळाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग खाली वाकली आणि माझ्या पायांवर तिला ठेवलं.

कोमट तेल, इवलीशी पाठ, मुठी आवळलेल्या. मी तिच्या काखेत, गळ्याच्या वळीत, कानामागे तेल जिरवलं. पाणी ओतताना ती आधी किंचाळली, मग अंग सैल सोडून माझ्याकडे पाहत राहिली. मी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे, सगळे शब्द वेळेवर येत होते. आंघोळ झाली, तिला पंच्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि एक हात जमिनीला टेकून, भिंतीला हात न लावता उभी राहिले. शीतल रडत होती. मी म्हटलं, “घे तिला, मला शेतात उशीर होतोय.” हे वाक्य म्हणायला मला इतका आनंद झाला की ते मी वाटेत स्वतःशीच चार वेळा म्हटलं.

त्या दिवशी दिवसभर माळ्यावर मी एकटी होते. पाखरं चारदा आली, चारदा परत गेली. मन मात्र आदिलाबादला. सूर्य टेकडीवर आला तेव्हा धुऱ्यावरून टाचा टेकवत कोणीतरी येताना दिसलं. चालण्यावरूनच बातमी बरी आहे हे कळलं. चट्टा तंबाखूचाच होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की अजून वेळ गेलेली नाही. तंबाखू आजच सोडायची आणि दर महिन्याला दाखवायचं. यमुनाबाईंनी कनवटीची पिशवी सोडली, तंबाखू झटकून टाकली आणि तिथंच मातीत पायानं दाबली. पुढचे वीस दिवस त्या चिडचिड करत राहिल्या, माझ्याशी दोनदा भांडल्या, एकदा तर बोलणंच सोडलं. पिशवीत त्यांनी ज्वारीच्या लाह्या भरल्या होत्या, त्या चघळत राहायच्या. मी त्यांना भांडू दिलं. माझ्या डोकेदुखीच्या दिवसांत त्यांनी माझं ऐकून घेतलं होतं.

तीन महिन्यांनी मी त्या तरुण डॉक्टरपुढे बसले. रक्त वाढलं होतं, बीपी खाली आलं होतं, साखर उंबरठ्याच्या अलीकडे सरकली होती. तिनं मला शब्द लक्षात ठेवायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मग म्हणाली की तिला ज्याची शंका होती ते दिसत नाही. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, हालचाल नाही, बोलायला माणूस नाही, आणि मनावर एवढं दुःख. असं झालं की डोकं असं वागू शकतं. प्रत्येकाचं इतक्यानं भागत नाही, तुमचं भागलं, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. मला ते स्पष्ट सांगणं आवडलं. आमच्याच गल्लीत एक बाई आहेत, आयुष्यभर नीट जेवल्या, नीट चालल्या, तरी आज त्यांना सून ओळखू येत नाही. सगळं काही आपल्या हातात नसतं. पण जे हातात होतं ते मी दोन वर्षं खाली ठेवून दिलं होतं आणि वयानं नेलं म्हणून सांगत होते.

वय नेतंच. गुडघा आजही जिन्यावर कुरकुरतो. चष्म्याचा नंबर वाढलाय. बीपीची गोळी चालू आहे, ती मी कधी चुकवत नाही. पण वय काय नेतं आणि आपण काय सोडून देतो याचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा, एवढं त्या शेतानं मला शिकवलं. आदिलाबादला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते फडताळाच्या मागचा पोळपाट काढण्याचं. मग गल्लीत फिरले. माझ्यासारख्या तिघी निघाल्या, एकट्या, चहा-टोस्टवाल्या. आता दुपारी आम्ही चौघी एकीच्या घरी जेवतो. रोज एकीची पाळी. एकीला दात नाहीत म्हणून तिच्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजतात. जेवणाआधी आम्ही कालव्यापर्यंत चालून येतो आणि वाटेत इतकं बोलतो की समोरून येणारी माणसं बाजूला होतात.

हे लिहितेय ते नार्नूरजवळच्या त्याच घरी, ओसरीवर बसून. बाजारात कणीस खाल्लं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरली आणि बस धरली. इंद्रवेल्ली मागे पडली आणि खिडकीतून ज्वारीची शेतं दिसायला लागली, तेव्हापासून माझा जीव एका जागी नाही. यमुनाबाई आता एकाहत्तरच्या. गालातला चट्टा गेला. ठेचा पुन्हा खातात. यंदा त्यांनी माळा एक हात उंच बांधून घेतलाय.

नात अनू आता तीन वर्षांची झाली. आज सकाळी आम्ही सगळ्या शेतात गेलो होतो. शीतल हुरड्यासाठी कणसं खुडत होती, यमुनाबाई माळ्यावर, आणि मी आर फुंकत होते. अनूला धुऱ्यावर एक सरडा दिसला आणि ती त्याच्या मागे सुटली. धुरा संपतो तिथं विहीर आहे, कठडा नसलेली. शीतलच्या हातात कणसांचा भारा होता, ती शेताच्या आत अडकलेली. तिनं हाक मारली. माळ्यावर यमुनाबाई होत्या, खालच्या शेतात व्याही होते. हाक माझ्या नावाची आली.

“आई, धर तिला!”

मी धावले. पदर खोचायला वेळ नव्हता, चप्पल एक तिथंच राहिली. ढेकळं पायाखाली फुटत होती आणि ज्वारीची पानं दोन्ही बाजूंनी दंडावर सपसप लागत होती. विहिरीच्या बरीच अलीकडे मी तिला गाठलं, काखेतून उचललं आणि तशीच वळून उभी राहिले. छाती भात्यासारखी चालत होती. दोन्ही हातांत ती, घट्ट. शीतल भारा टाकून जागीच बसली होती. माळ्यावरून यमुनाबाई काहीतरी ओरडत होत्या, पाखरं हाकत होत्या की मला शाबासकी देत होत्या कळेना.

अनूला काय होता होता टळलं ते कळलंच नव्हतं. तिला वाटलं आजीनं शिवाशिवीचा डाव मांडलाय. ती माझ्या मानेला धरून हसत होती. तिनं खाली उतरायला अंग टाकलं, माझा हात धरला, विहिरीकडे पाठ करून माळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “आजी, आता तिकडं. पळ.”

मी दुसरी चप्पलही काढून टाकली आणि पळाले.